सुटलेला बाण मागे घेण्याची परीक्षा

ज्या माणसाला कुठेच पोहोचायचं नसतं, तोच जगात सर्वांत वेगाने जाऊ शकतो. ज्याला दवाखान्यात, कचेरीत किंवा बहिणीच्या घरी जायचं असतं, त्याचा वेग रस्ता ठरवतो. शर्यतीतला ड्रायव्हर मात्र दीड तासात तीनशे किलोमीटर जातो आणि जिथून निघाला तिथेच उतरतो. (सरकारी फायलीही असाच प्रवास करतात, पण एखादीला तो दीड तासात जमल्याची नोंद नाही.) अशा माणसाला समाज डोक्यावर घेतो, त्याच्या हातात करंडक देतो आणि चांगले धुतलेले कपडे घालून आलेल्या लोकांसमोर त्याच्या अंगावर फसफसणारं पेय ओततो. यात गैर काही नाही. जो कुठेच गेला नाही, त्याचं स्वागत तरी नीट व्हायला हवं.

आपल्या गोष्टीतल्या विजेत्याला वर्तमानपत्रं ‘बाण’ म्हणत. हे नाव एका क्रीडा वार्ताहराने घाईत ठेवलं आणि ते चिकटलं. बाणाची कारकीर्द तेवीस वर्षांची. शर्यती दोनशे अकरा, विजय अडतीस, अजिंक्यपदं चार. मागे जाण्याचा गिअर वापरल्याच्या नोंदी दोन, दोन्ही चुकून. गाडी पार्क केल्याच्या नोंदी शून्य. गाडी थांबली की चौदा माणसं धावत येत, ती उचलत, ढकलत आणि पुसत. बाण फक्त उतरत असे. सुटलेला बाण मागे येत नाही, असं जे आपल्याकडे म्हणतात, ते त्याच्या बाबतीत तांत्रिकदृष्ट्याही खरं होतं.

स्वभावाने बाण अतिशय गरीब. वेगाचा आणि स्वभावाचा काही संबंध नसतो, हे लोकांना कळत नाही. घरी तो जिना उतरताना कठडा धरायचा. दूध उतू जाताना दिसलं तरी ‘अगं, दूध’ एवढं म्हणेपर्यंत ते शेगडीवर आलेलं असायचं. शर्यतीनंतर काय बोलायचं हेही संघाने त्याला लिहून दिलेलं होतं. जिंकल्यास संघाचे आभार मानावेत. हरल्यास संघाचे आभार मानावेत. गाडी भिंतीवर आदळल्यास शुद्धीवर येताच संघाचे आभार मानावेत, आणि शक्यतो टोपी घालून. ही टोपी प्रायोजकांची. करारात ‘सर्व सार्वजनिक प्रसंगी’ असं म्हटलं होतं, त्यामुळे लग्नाच्या फोटोतही त्याच्या डोक्यावर इंजिन ऑइलची जाहिरात आहे. बायको गणिताची शिक्षिका. तिने त्या फोटोकडे बघून एवढंच म्हटलं, की बरं झालं, निदान ऑइलचं आहे, टायरचं असतं तर मी दिसले नसते.

या सगळ्या कौतुकात एक माणूस सामील नव्हता. ते म्हणजे बाणाचे वडील.

वडिलांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली. चौतीस वर्षांत एकही अपघात नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते तिसऱ्या दिवशी बंद पडलं, आणि वडिलांनी ते तसंच लावून ठेवलं. मुलाची पहिली शर्यत त्यांनी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिली आणि आपलं मत दिलं. ते मत पुढे तेवीस वर्षं बदललं नाही.

“एकटाच बसतो,” वडील म्हणाले. “एकही स्टॉप घेत नाही. आणि फिरून फिरून आहे तिथेच येतो. आमच्या डेपोत याला निलंबित केलं असतं.”

चाळिशी ओलांडल्यावर बाण निवृत्त झाला. त्याच्या डोळ्यापासून पायापर्यंत निरोप पोहोचायला पूर्वीपेक्षा एक शतांश सेकंद जास्त लागू लागला होता. (सर्वसामान्य नागरिकाला हाच निरोप पोहोचायला पाऊण सेकंद लागतो, आणि फोन हातात असल्यास तो पोहोचतच नाही. पण सर्वसामान्य नागरिकाला निवृत्त करण्याची तरतूद नाही.) निरोप समारंभ झाला. बाणाने संघाचे आभार मानले, टोपी घातली आणि तो घरी आला. अर्थात बायकोच्या गाडीतून, तिच्या शेजारी बसून.

कारण बाणाकडे ड्रायव्हिंग लायसन नव्हतं.

यात लबाडी नव्हती. नऊ वर्षांचा असल्यापासून तो शर्यतीच्या मैदानावर होता. तिथलं लायसन वेगळं, ते रस्त्यावर चालत नाही. अठराव्या वर्षी, जेव्हा इतर मुलं लायसनच्या रांगेत उभी राहतात, तेव्हा तो दुसऱ्या देशात तिसरा आला होता. पुढे विमानतळावर न्यायला कुणीतरी यायचं, हॉटेलवर सोडायला कुणीतरी यायचं, आणि उरलेल्या आयुष्यासाठी बायको होती. तिच्याकडे अठरा वर्षं जुनी एक छोटी गाडी होती. ती तिने एकदाही कुठे घासली नव्हती, आणि त्याबद्दल तिच्यावर कुणी काही ओतलंही नव्हतं.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी बायको कपाटावरचे करंडक पुसायला स्टुलावर चढली आणि एकोणिसाव्या करंडकाशी तिचा पाय घसरला. उजव्या मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. घरात चार जागतिक अजिंक्यपदं आणि गाडी चालवू शकेल असं माणूस एकही नाही, अशी परिस्थिती निर्माण झाली.

एरवी ती निभावली असती. पण वडिलांच्या मूत्रपिंडांनी वर्षभरापूर्वीच काम सोडलं होतं. आठवड्यातून तीन दिवस त्यांना दवाखान्यात न्यावं लागे. तिथे त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून पुन्हा त्यांच्याच अंगात सोडत. हे चुकवून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक खेप चुकली तर त्रास, दोन चुकल्या तर मला सांगायला येऊ नका.

टॅक्सी हा मार्ग तीन दिवसांत बंद झाला. वडील मागे बसून ड्रायव्हरला सूचना देत. पहिल्या दोघांनी त्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं. तिसरा फोनवर बोलत होता. वडिलांनी त्याला क्लचबद्दल असं काही सुनावलं की तो स्वतःच गाडीतून उतरून चालायला लागला. शेवटी बायकोच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मदतीला आल्या. त्या ताशी वीसच्या वर जात नसत, त्यामुळे वडिलांना पसंत होत्या. पण महिनाअखेर त्यांची बदली होती.

“मी सोडेन तुम्हाला, बाबा,” बाण म्हणाला.

वडिलांनी चष्मा काढला. “लायसन नसलेल्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही,” ते म्हणाले. “मरेन, पण नियमात मरेन.”

आणि अशा रीतीने चार वेळचा जगज्जेता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दाखल झाला. अर्जात ‘पूर्वानुभव’ असा रकाना होता. तिथे त्याने ‘आहे’ असं लिहिलं. कारकुनाने ते खोडून ‘नाही’ केलं, कारण लायसनशिवायचा अनुभव हा अनुभव नसून गुन्हा असतो.

शिकवायला एक पन्नाशीच्या बाई होत्या. तिथे त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक, वेगळा क्लच आणि चेहऱ्यावर अशी शांती, जी फक्त रोज मरणाला भेटून येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असते. स्कूलच्या फाटकातून गाडी बाहेर काढताना बाण थबकला. रस्त्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

“इथे गाड्या समोरूनही येतात?” त्याने विचारलं.

“येतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “बाजूनेही येतात. वरून अजून आलेली नाही.”

बाणाने आपला पट्टा पुन्हा तपासला. तेवीस वर्षांत सगळ्या गाड्या एकाच दिशेने जाताना त्याने पाहिल्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, सगळ्यांना पट्टे, कुणाच्या हातात फोन नाही, कुणाच्या मांडीवर मूल नाही. पिवळा झेंडा दिसला की वीसच्या वीस जण शाळकरी मुलांसारखे रांगेत हळू होत, आणि त्यात कुणी पुढे घुसला तर त्याची सुनावणी होई. वळणावर कोण कुठे जाणार हे लिहून ठेवलेलं असे. मैदानाला धोकादायक आणि रस्त्याला नेहमीचा असं का म्हणतात, हे त्याला त्या दिवशी फाटकात उभं राहून कळेना.

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. परीक्षा घेणारे निरीक्षक मोठे सज्जन गृहस्थ होते. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून बाणाचा फोटो चिकटवलेला होता. त्यांनी ‘चला’ म्हटलं. बाणाने गाडी सुरू केली आणि तो बसून राहिला. पाच मिनिटं गेली. तेवीस वर्षं त्याच्या कानात रेडिओवरून संघाचा एक आवाज असे. पुढे वळण आहे, मागचा जवळ आला, आता दाब, आता सोड. तो आवाज यायची तो वाट पाहत होता. तो आला नाही. अकराव्या मिनिटाला निरीक्षकांनी त्याला उतरायला सांगितलं, तेव्हा तो सवयीने स्टिअरिंग उपटायला लागला, कारण शर्यतीच्या गाडीत ते काढल्याशिवाय माणूस बाहेरच येत नाही. शेरा असा पडला : ‘उमेदवार सूचनेची वाट पाहतो. उतरताना सुटे भाग सोबत नेतो.’ त्याच कागदाच्या मागे निरीक्षकांनी त्याची सही घेतली. पुतण्यासाठी म्हणाले.

दुसऱ्या परीक्षेत गाडी मागे घ्यायची होती. त्यात दोन शंकू, एक कचऱ्याचा डबा आणि निरीक्षकांची खुर्ची कामी आली. निरीक्षक खुर्चीत नव्हते, ही बाब उमेदवाराच्या बाजूने धरण्यात आली, पण ती पुरली नाही.

तिसरी परीक्षा खऱ्या रस्त्यावर झाली. सगळं उत्तम चाललं होतं. चौकापाशी पांढऱ्या पट्ट्यांवर एक आजी पिशवी घेऊन उभ्या दिसल्या, म्हणून नियमाप्रमाणे बाण थांबला. आजी हलल्या नाहीत. बाणाने हाताने ‘या’ म्हटलं. आजी दोन पावलं मागे गेल्या. निरीक्षकांनी काच खाली करून विचारलं, तेव्हा आजींनी सांगितलं, की असंच थांबल्यासारखं दाखवतात आणि मध्यावर गेलं की अंगावर घालतात, मला फसवू नका. बाण हलेना, आजी हलेनात. सात मिनिटांत मागे बाजारापर्यंत रांग लागली. शेवटी निरीक्षक स्वतः उतरले आणि आजींना हात धरून परत त्यांच्या घराकडच्याच बाजूला नेऊन सोडलं.

“नियमाप्रमाणे तुमचं बरोबर होतं,” निरीक्षक हळहळून म्हणाले. “पण रस्त्याप्रमाणे नव्हतं.” आणि त्यांनी ‘वाहतुकीस अडथळा’ असं लिहिलं.

कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारा एजंट हे तिन्ही वेळा पाहत होता. त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, की साहेब, तुम्ही परीक्षेला येता हीच तुमची चूक आहे. जे येत नाहीत ते सगळे पास होतात. त्याचं म्हणणं आकडेवारीला धरून होतं. त्या दिवशी चौसष्ट जण उत्तीर्ण झाले होते आणि त्यांपैकी नऊ जण प्रत्यक्ष हजर होते. उरलेल्यांपैकी एक जण परदेशात होता. दुसऱ्याला आपण अर्ज केला आहे हेच माहीत नव्हतं. सगळ्यांचे शेरे ‘उत्कृष्ट’. हा निकाल कोणत्याही विद्यापीठाने हेवा करावा असा होता. एजंट म्हणाला, तुम्ही फक्त दोन फोटो द्या, बाकी तुमचं नाव पुरेसं आहे.

चित्रकलेच्या बाईंच्या बदलीला आठ दिवस उरले होते. बाण घरी आला आणि जेवताना त्याने खाली मान घालून वडिलांना हे सांगितलं. बायको प्लास्टर सांभाळत डाव्या हाताने भात कालवत होती, ती थांबली.

वडिलांनी घास संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, “तुझे करंडकही असेच आले का?”

बाणाला तेवीस वर्षांत भिंतीही इतक्या जोरात लागल्या नव्हत्या. तो उठून कपाटासमोर जाऊन उभा राहिला. अडतीसच्या अडतीस करंडक तिथे होते, अर्धे पुसलेले, अर्धे धुळीत. त्याला आठवलं, की यांपैकी एकही घेताना वडील समोर नव्हते. तो दरवेळी बोलावत असे, आणि दरवेळी वडिलांची ड्यूटी असे. निवृत्त झाल्यानंतरसुद्धा ती असे.

रविवारी दुपारी तो बायकोच्या शाळेच्या मैदानावर गेला. शाळा बंद होती. किल्ली बायकोने आणली आणि मास्तरीणबाई सुट्टी असूनही स्कूलची गाडी घेऊन आल्या. वर्गातली एक खुर्ची बाहेर काढली, तिच्यावर वडील बसले. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं. ते स्वतःच चप्पल घालून निघाले होते.

बाणाने आरशात पाहून गाडी मागे घेतली आणि ती घसरगुंडीला टेकली. वडिलांनी काठी आपटली.

“आरशात नको बघू. मान वळव.”

बाणाची मान वळेना. तेवीस वर्षं ती पट्ट्यात आवळलेली होती. त्याने तसं सांगितलं.

वडील काठी टेकत उठले, गाडीपाशी आले आणि खिडकीत वाकले. “बसमध्ये माझ्या मागे साठ माणसं असायची,” ते म्हणाले. “कुणी झोपलेलं, कुणी उभं, कुणाच्या हातात अंडी. तुझ्या मागे कधी कुणी बसलंच नाही. म्हणून तुला मागे बघता येत नाही. त्यात मानेचा काही दोष नाही.”

मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि लायसन नसलेल्या माणसाच्या गाडीत, आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून, ते बसले. (मास्तरीणबाई शेजारच्या सीटवर होत्या, त्यामुळे कायद्याने हे चालतं, असं बायकोने नंतर काढून दाखवलं. वडिलांनी ते आधीच पाहून ठेवलेलं असणार, असा तिचा कयास आहे.) त्यांनी सीटच्या पाठीवर काठीने दोन टकटकी दिल्या. बसमध्ये दोन घंट्या म्हणजे चला. बाणाने मान वळवली. कडकन आवाज आला, पण ती वळली. मागच्या सीटवर एक पांढऱ्या केसांचा, चिडका, पिवळसर चेहऱ्याचा माणूस दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता. बाणाने इतक्या जवळून त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. मग त्याने त्यांच्या खांद्यावरून मागचं मैदान पाहिलं आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, व्हॉलीबॉलच्या दोन खांबांच्या मधे नेऊन लावली. एक टकटक झाली. तो थांबला.

चौथ्या परीक्षेत बाण उत्तीर्ण झाला. शेरा ‘समाधानकारक’. वर्तमानपत्रांत ही बातमी आली नाही. वडिलांनी ते लायसन उजेडात धरून दोनदा वाचलं, मुदत कधी संपते ते पाहिलं आणि परत दिलं. मग विचारलं, सोमवारी किती वाजता निघायचं.

सोमवारी साडेनऊला ते निघाले. बायको पुढे, वडील मागे. हे अंतर बायको अकरा मिनिटांत कापत असे. बाणाला एकोणीस लागली. या प्रवासात चार वेळच्या जगज्जेत्याला त्रेसष्ट वाहनांनी मागे टाकलं. त्यांत गॅसच्या टाक्यांचा टेम्पो होता, लग्नाची सजवलेली गाडी होती, एका हाताने छत्री धरलेला सायकलवाला होता आणि एक शववाहिका होती. (तिच्यातल्या प्रवाशालाही घाई असावी.) बहुतेक सगळे डावीकडून गेले. तिघे समोरून आले आणि चुकीच्या बाजूला असूनही बाणाकडे रागाने बघत गेले. मैदानावर इतकी चुरस त्याने कधीच पाहिली नव्हती, आणि इथे तर करंडकही नव्हता.

दवाखान्याच्या आधीच्या चौकात सिग्नल पिवळा झाला. बाणाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पिवळा म्हणजे धोका, पिवळा म्हणजे थांब, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. मागे मात्र पिवळ्याचा अर्थ वेगळा होता. एकदम हॉर्न सुरू झाले. एक गाडी शेजारी घुसून उभी राहिली. तिच्या मागच्या काचेवर बाणाचाच हेल्मेटमधला फोटो होता, खाली ‘वेग हेच जीवन’ असं छापलेलं. आतल्या माणसाने काच खाली केली.

“काका, चालवता येत नसेल तर घरी बसा ना,” तो म्हणाला, आणि लाल दिव्यातून निघून गेला.

बाणाचे कान लाल झाले. हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. त्याला त्या गाडीला गाठायला चार सेकंद लागले असते, हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या बायकोलाही माहीत होतं.

मागून वडिलांचा आवाज आला. “तिकडे नको बघू. सिग्नल बघ.”

सिग्नल हिरवा झाल्यावर बाण निघाला. दवाखान्याच्या दारात त्याने गाडी लावली, पायरीपासून एक हात अंतरावर. वडील उतरले, काठी टेकली, दोन पावलं गेले आणि थांबले. मागे वळून न बघता म्हणाले, “ब्रेक बरा लावतोस. उभा माणूस पडला नसता.”

हे बसवाल्यांच्या जगातलं सर्वोच्च पारितोषिक आहे, हे बाणाला ठाऊक होतं. त्याने इंजिन बंद केलं. मग सवय म्हणून आभार मानायला तोंड उघडलं, तर कुणाचे मानायचे ते त्याला लिहून दिलेलं नव्हतं. शेवटी बायकोने आपला प्लास्टरचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि सांगितलं, की हँडब्रेक राहिलाय.

आता त्या चौकाचा तेवढा अहवाल देऊन हे निवेदन पूर्ण करतो. बाण थांबला असताना मागे एकोणीस गाड्या होत्या आणि हॉर्न एक्केचाळीस सेकंद वाजला. याबाबत रीतसर चौकशी झाली. पहिल्या गाडीवाल्याने सांगितलं, की मी नाही, मागच्याने वाजवला. दुसऱ्यानेही मागे बोट दाखवलं. असं करत चौकशी एकोणिसाव्यापर्यंत आली. त्याच्या मागे गाडी नव्हती, तरी त्यानेही अंगठा मागेच केला. तिकडे पाहिलं, तर तुम्ही दिसलात. एका हातात ही गोष्ट, ‘लोक असेच असतात हो’ म्हणत मान डोलावत होतात. दुसरा हात कशावर होता, ते अहवालात लिहिलेलं नाही. तुम्हीच बघून घ्या.